मराठी वाक्प्रचार आणि शब्दसाहचर्य

वाक्प्रचार म्हणजे आपल्या घटक शब्दांच्या मूळ अर्थाहून निराळ्या अर्थाने भाषेत रूढ झालेला शब्दसमूह. त्यास वाक्संप्रदाय किंवा संप्रदाय असेही म्हणतात. ‘हात टेकणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ हात किंवा टेकणे यांपैकी कोणत्याही एका शब्दात नाही. सर्व प्रयत्न करून थकल्यावर माघार घेणे हा अर्थ त्या दोन शब्दांच्या रूढ जोडीला चिकटलेला आहे. याच्याशी निकट संबंध असलेली दुसरी घटना म्हणजे शब्दसाहचर्य. त्यात शब्दांचा अर्थ बदलत नाही, परंतु कोणत्या शब्दाने कोणाची सोबत करावी हे ठरून गेलेले असते. साडी ‘नेसतात’, सदरा ‘घालतात’, फेटा ‘बांधतात’ आणि बांगड्या ‘भरतात’.

व्याकरणाचे नियम आणि सुट्या शब्दांचे अर्थ एवढ्या सामग्रीवरून भाषेचा हा भाग सिद्ध करता येत नाही. तो रूढीने ठरतो व सहवासाने अवगत होतो. म्हणूनच परकी भाषा शिकणाऱ्यास, भाषांतरकारास आणि कोशकारास त्याचे विशेष महत्त्व वाटते.

संज्ञा आणि व्याप्ती

वाक्प्रचार आणि म्हण यांत भेद करणे आवश्यक आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आहे. ती स्वयंपूर्ण असून जशीच्या तशी उच्चारली जाते आणि बहुधा एखादा अनुभव किंवा निष्कर्ष सांगते. वाक्प्रचार स्वतः वाक्य नसतो. तो वाक्यात उपयोजावा लागतो. बहुसंख्य मराठी वाक्प्रचारांचा शेवट क्रियापदाने होतो आणि ते क्रियापद काळ, पुरुष, लिंग व वचन यांनुसार चालते, जसे ‘त्याने हात टेकले’, ‘मी हात टेकणार नाही’. म्हण दाखला देण्यासाठी, तर वाक्प्रचार प्रत्यक्ष विधान करण्यासाठी वापरतात.

अर्थप्रक्रिया

संस्कृत साहित्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. वाक्प्रचाराचा अर्थ प्रामुख्याने लक्षणेने लागतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्य अर्थाला बाध येणे, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी संबंध असणे आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असणे. रूढीचे त्याने दिलेले उदाहरण ‘कुशल’ या शब्दाचे आहे. मूळ व्युत्पत्तीनुसार दर्भ म्हणजे कुश आणणारा तो कुशल. परंतु निपुण या अर्थाने हा शब्द वापरताना दर्भाची आठवण कोणालाही होत नाही.

मराठी वाक्प्रचारांना हे विवेचन तंतोतंत लागू पडते. ‘पोटावर पाय देणे’ याचा वाच्य अर्थ वाक्यात जुळत नाही. परंतु पोट आणि उपजीविका यांचा संबंध स्पष्ट असल्याने ‘चरितार्थाचे साधन हिरावून घेणे’ हा अर्थ कळतो, आणि रूढीमुळे तो पक्का होतो. ‘तोंडाला पाने पुसणे’ म्हणजे फसवणे. येथे संबंध तितका उघड नाही, तरीही अर्थाविषयी कोणाचा गोंधळ होत नाही. व्युत्पत्तीने येणाऱ्या अर्थापेक्षा रूढीने आलेला अर्थ बलवान असतो हे शास्त्रकारांचे तत्त्व येथे प्रत्ययास येते.

रचनेची वैशिष्ट्ये

मराठीतील वाक्प्रचारांचा एक मोठा गट शरीराचा अवयव आणि सामान्य क्रियापद यांच्या जोडीने बनतो. एकट्या ‘हात’ या शब्दापासून हात देणे (मदत करणे), हात आखडणे (खर्च कमी करणे), हात चोळत बसणे (व्यर्थ पश्चात्ताप करणे), हातावर तुरी देणे (फसवून निसटणे), हातपाय गाळणे (धीर सोडणे) आणि हात धुऊन मागे लागणे (पिच्छा पुरवणे) असे अनेक वाक्प्रचार झाले आहेत. पोट, तोंड, डोळा, कान, नाक व पाठ हेही असेच उपजाऊ शब्द आहेत.

या जोड्यांत लहानसा फरकही अर्थ पालटतो. ‘तोंडाला पाणी सुटणे’ म्हणजे खाण्याची इच्छा अनावर होणे, तर ‘तोंडचे पाणी पळणे’ म्हणजे भयाने गर्भगळित होणे. तोंड तेच, पाणीही तेच; विभक्ती आणि क्रियापद तेवढे बदलले. वचनाचेही तसेच आहे. ‘डोळा लागणे’ म्हणजे झोप लागणे. ‘डोळे लागणे’ म्हणजे एखाद्याच्या वाटेकडे आतुरतेने पाहत राहणे. ‘डोळे येणे’ हा एक विकार आहे, तर ‘डोळा असणे’ म्हणजे एखाद्या वस्तूवर अभिलाषेची नजर ठेवणे.

वाक्प्रचारातील शब्दांच्या जागी समानार्थी शब्द योजता येत नाहीत. ‘तोंडाला पाणी सुटले’ ऐवजी ‘मुखास जल सुटले’ असे म्हटल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते, परंतु वाक्प्रचार नाहीसा होतो आणि उरतो तो विनोद. मध्ये विशेषण घातल्यासही अनेकदा हेच घडते. ‘त्याने साहेबांचे कान फुंकले’ याचा अर्थ चहाडी केली असा होतो. ‘त्याने साहेबांचे दोन्ही कान फुंकले’ असे म्हणताच डोळ्यांसमोर खरेखुरे कान येतात.

काही वाक्प्रचार मुख्यतः नकारार्थीच चालतात. ‘सोयरसुतक नसणे’, ‘ताकास तूर लागू न देणे’ ही त्याची उदाहरणे होत. ‘डाळ न शिजणे’ म्हणजे युक्ती सफल न होणे. परंतु युक्ती सफल झाल्यावर ‘माझी डाळ शिजली’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

शब्दसाहचर्य

वाक्प्रचार चटकन लक्षात येतो. शब्दसाहचर्य मात्र मातृभाषकाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याला ते स्वाभाविक वाटते. मराठी स्वयंपाकघरात भात शिजवतात, भाकरी थापतात आणि भाजतात, पोळी लाटतात, दूध तापवतात, दही लावतात, लोणचे घालतात आणि ते पुढे मुरते. वस्त्रालंकारांत नेसणे, घालणे, बांधणे, भरणे व लावणे ही क्रियापदे वस्तूनुसार वाटली गेली आहेत. इंग्रजीत या सर्वांसाठी ‘वेअर’ हे एकच क्रियापद पुरते.

मनाच्या आणि शरीराच्या अवस्था सांगणाऱ्या क्रियापदांची वाटणीही अशीच ठरलेली आहे. भूक, तहान आणि ठेच ‘लागते’. राग, कंटाळा आणि आठवण ‘येते’. सर्दी, आनंद आणि दुःख ‘होते’. एखादे नाम दोन क्रियापदांशी जोडले गेल्यास अर्थ वेगळा होतो. ‘मला झोप येते’ म्हणजे झोपावेसे वाटते, तर ‘मला झोप लागली’ म्हणजे मी झोपी गेलो. भाषेतील ही सूक्ष्म व्यवस्था कोणीही मुद्दाम योजलेली नाही.

विशेषणांनाही आपापले जोडीदार असतात. रंगाचा गडदपणा सांगताना काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक, निळाशार आणि पांढराशुभ्र असे म्हणतात. कुट्ट हिरव्याला लागत नाही आणि गार काळ्याला लागत नाही. लाल रंगाचे एकाहून अधिक जोडीदार आहेत : वस्त्र लालभडक असते, तर रागाने चेहरा लालबुंद होतो. त्याचप्रमाणे भीतीने चेहरा पांढराफटक पडतो, पांढराशुभ्र नव्हे. जोडशब्दांतील क्रमही निश्चित असतो. आईवडील, मीठभाकर, अंथरूण-पांघरूण हे क्रम उलटल्यास शब्द समजतात, परंतु भाषा खटकते.

साहचर्यातून समाजाचे संकेतही व्यक्त होतात. अशुभ उच्चार टाळण्यासाठी बांगडी फुटली असे न म्हणता ती ‘वाढवली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. देवापुढे नारळ ‘वाढवतात’ आणि दुकान बंद करतानाही ते ‘वाढवतात’. तुटणे, फुटणे व बंद होणे या गोष्टी येथे वृद्धीच्या शब्दाने झाकल्या आहेत.

ठरावीक वाक्यसाचे

काही वेळा शब्दांऐवजी वाक्याचा साचाच रूढ असतो आणि त्यातील जागा बोलणारा आपल्या शब्दांनी भरतो. ‘शिस्त म्हणजे शिस्त’, ‘शब्द म्हणजे शब्द’ या साच्यात द्विरुक्तीने तडजोड नसल्याचे सुचवले जाते. ‘पडता पडता वाचला’ यात एखादी गोष्ट घडण्याच्या बेतात असताना टळली हा अर्थ क्रियापदाच्या पुनरावृत्तीतून येतो. ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’ या साच्यात दुसऱ्या शब्दाला स्वतंत्र अर्थ नसतो. ‘आणि तत्सम इतर’ एवढाच भाव त्याने व्यक्त होतो. नवा शब्द भाषेत येताच तोही या साच्यात बसतो, त्यामुळे ‘मोबाइलबिबाइल’ हा प्रयोग कोणाला शिकवावा लागत नाही.

उगम

वाक्प्रचारांची उगमस्थाने विविध आहेत. शेती, स्वयंपाक, खेळ, धर्माचार आणि युद्ध ही त्यांतील प्रमुख होत. ‘शह देणे’ आणि ‘मात करणे’ हे बुद्धिबळातून आले. ‘हळद लागणे’ म्हणजे विवाह होणे, हा अर्थ विवाहविधीतून आला. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ म्हणजे स्वतःचा लाभ नसताना दुसऱ्यांसाठी खपणे.

मराठ्यांच्या इतिहासाचा ठसा अनेक वाक्प्रचारांवर आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा सिंधू नदीवरील अटकेपर्यंत पोहोचल्या. त्यावरून ‘अटकेपार झेंडा लावणे’ म्हणजे मोठा पराक्रम गाजवणे असा अर्थ झाला. १४ जानेवारी १७६१ रोजीच्या युद्धातील पराभवामुळे ‘पानिपत होणे’ याला पूर्ण दाणादाण होणे असा अर्थ प्राप्त झाला. १७७३ मध्ये झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार निगडित आहे. ‘धरावे’ या आज्ञेतील एक अक्षर बदलून ‘मारावे’ केले गेले, अशी आख्यायिका त्यामागे आहे.

फारसी भाषेच्या दीर्घ संपर्काचाही परिणाम दिसतो. मराठीत मार, शिव्या, पैसे, भाव, कच आणि हाय या सर्व गोष्टी ‘खातात’. फारसीतही खाणे या अर्थाच्या ‘खुर्दन’ या क्रियापदापासून, उदाहरणार्थ शपथ घेणे या अर्थी ‘कसम खुर्दन’ असे, संयुक्त प्रयोग होतात. हे साम्य लक्षणीय आहे.

काही वाक्प्रचारांतील मूळ शब्द आज लुप्तप्राय झाले आहेत. ‘पाचावर धारण बसणे’ म्हणजे अत्यंत घाबरणे. ‘धारण’ या शब्दाला जुन्या मराठीत बाजारभाव असा अर्थ होता, आणि धान्य कमालीचे महाग झाल्याने लोकांची जी अवस्था होई तिच्याशी या वाक्प्रचाराचा संबंध जोडला जातो. सुटा शब्द मरतो, परंतु वाक्प्रचाराच्या आश्रयाने त्याचे रूप टिकून राहते.

वाई आणि सातारा-सांगली परिसर

कृष्णाकाठच्या या परिसराशी काही प्रसिद्ध शब्दप्रयोग निगडित आहेत. आव्हान स्वीकारणे या अर्थाचा ‘विडा उचलणे’ हा वाक्प्रचार दरबारी प्रथेतून आला असून, वाईचा सुभेदार असलेल्या अफझलखानाने विजापूरच्या दरबारात शिवाजी महाराजांविरुद्ध विडा उचलल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. वाईजवळील मेणवली येथे नाना फडणवीस यांचा वाडा आहे. ‘पेशवाईतील साडेतीन शहाणे’ या प्रसिद्ध प्रयोगात सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे व विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना अर्धे मानले जातात. नाना मुत्सद्दी असले तरी लढवय्ये नव्हते, असे त्याचे कारण सांगतात. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठे यांतही हीच संख्या आढळते. साताऱ्याजवळील माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांच्या निःस्पृह न्यायबुद्धीमुळे ‘रामशास्त्री बाणा’ हा प्रयोग रूढ झाला.

अलीकडच्या काळातील उदाहरण म्हणजे ‘पत्री सरकार’. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत प्रतिसरकार चालवले गेले. त्याचे लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ झाले. गुन्हेगारांच्या तळपायांवर दिल्या जाणाऱ्या शिक्षेवरून हे नाव पडले असे एक मत आहे. ‘प्रति’चा तो अपभ्रंश आहे असे दुसरे मत आहे. अवघ्या काही दशकांपूर्वीच्या प्रयोगाच्या उगमाविषयीही दोन मते संभवतात, यावरून जुन्या वाक्प्रचारांच्या व्युत्पत्तीकडे किती सावधपणे पाहावे लागते हे ध्यानात येते.

वाई हे शास्त्राध्ययनाचे आणि कोशकार्याचे केंद्र आहे. येथील प्राज्ञपाठशाळेचे केवलानंद सरस्वती यांनी ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईतच सुरू झाले. विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. परिभाषा आणि वाक्प्रचार ही भाषेची दोन टोके आहेत. पारिभाषिक शब्द हेतुपूर्वक घडवला जातो, त्याच्या घटकांवरून अर्थ कळावा अशी अपेक्षा असते आणि तो दुसऱ्या भाषेतील शब्दाशी जुळवता येतो. वाक्प्रचार कोणी ठरवून घडवत नाही, त्याचा अर्थ घटकांत सापडत नाही आणि शब्दशः भाषांतरात तो टिकत नाही.

इंग्रजीशी तुलना

इंग्रजी भाषेच्या अभ्यासात या विषयाकडे विसाव्या शतकात विशेष लक्ष दिले गेले. जपानमध्ये इंग्रजीचे अध्यापन करणारे हॅरॉल्ड पामर यांनी १९३३ मध्ये इंग्रजीतील शब्दसाहचर्यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते असा सिद्धान्त १९५७ मध्ये मांडला. जॉन सिंक्लेअर यांनी संगणकावर साठवलेल्या विशाल भाषासंग्रहाच्या आधारे असे दाखवले की, बोलणारा मनुष्य दर वेळी एकेक शब्द निवडत नाही. बव्हंशी तो तयार शब्दसमूहच उचलतो. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘कोबिल्ड’ शब्दकोश १९८७ मध्ये प्रकाशित झाला.

इंग्रजीत वाक्प्रचाराचा भार पुष्कळदा क्रियापदानंतर येणाऱ्या लहान अव्ययांवर असतो. ‘लुक’ म्हणजे पाहणे. परंतु ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. मराठीत हेच कार्य मुख्यतः क्रियापदापूर्वीचे नाम आणि त्याची विभक्ती करतात. चुकीचे मूळ येथेच आढळते. इंग्रजीत आंघोळ ‘घेतात’ आणि सर्दी ‘पकडतात’; मराठीत आंघोळ करतात आणि सर्दी होते. मुसळधार पावसासाठी इंग्रजीत मांजरे आणि कुत्री पडतात. त्याचे शब्दशः मराठीकरण हास्यास्पद होईल. उलट, ‘हातावर तुरी दिल्या’ याचे शब्दशः इंग्रजी केल्यास कोणी पळून गेले असे इंग्रज वाचकास कळणार नाही. वाक्प्रचाराचे भाषांतर करताना शब्द सोडून प्रसंग धरावा लागतो.

असे असले तरी, शब्दशः भाषांतराने आलेले अनेक प्रयोग मराठीत स्थिरावले आहेत. प्रकाश टाकणे, भूमिका बजावणे, पावले उचलणे, पांढरा हत्ती पोसणे व हिमनगाचे टोक ही त्याची उदाहरणे होत. ‘हिरवा कंदील दाखवणे’ हा प्रयोग रेल्वेच्या प्रसारानंतर आला आणि आज त्याचे परकेपण जाणवत नाही. ‘आंघोळ घेणे’ हा इंग्रजी वळणाचा, ‘चहा बनवणे’ व ‘माझी मदत कर’ हे हिंदी वळणाचे प्रयोग मात्र अद्याप आक्षेपार्ह मानले जातात. आक्षेपाचे कारण केवळ परकेपणा नाही. शिजवणे, भाजणे, लाटणे, थापणे आणि करणे यांच्या जागी एकटे ‘बनवणे’ आले की, त्या क्रियांमधील भेद बोलण्यातून जातो. शिवाय ‘बनवणे’ म्हणजे फसवणे असा मराठीत रूढ अर्थ आहेच. कोणता प्रयोग टिकेल हे अखेर रूढीच ठरवते.

कोशरचना

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) मुख्य शब्दांसोबत त्यांचे वाक्प्रचारही नोंदवलेले आहेत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील बोलभाषेचे ते मोलाचे साधन ठरले आहे. आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ संपादित केला, आणि ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ या स्वतंत्र ग्रंथात मराठी वाक्संप्रदाय व म्हणी संकलित केल्या. माधव त्रिंबक पटवर्धन यांच्या ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) या ग्रंथाने फारसीतून आलेल्या शब्दांचा मागोवा घेतला.

वाक्प्रचार कोणत्या शब्दाखाली नोंदवावा, ही कोशकारापुढील नेहमीची अडचण असते. ‘डोळ्यांत तेल घालून पहारा करणे’ हा प्रयोग वाचक डोळ्यात शोधील की तेलात, हे निश्चित सांगता येत नाही.

अध्यापन

शालेय मराठीत ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न परिचित आहे. त्यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण पाठ केलेल्या अर्थावरून वापराची मर्यादा कळत नाही. ‘धूम ठोकणे’ म्हणजे पळून जाणे एवढेच ठाऊक असलेला विद्यार्थी ‘आजोबांनी व्यायामासाठी धूम ठोकली’ असे वाक्य करू शकतो. ‘कंठस्नान घालणे’ म्हणजे ठार मारणे असे पाठ केलेला विद्यार्थी डासालाही कंठस्नान घालतो. धूम ठोकण्यात भीती किंवा लबाडी असते आणि कंठस्नानात रणांगणाचा आवेश असतो. अर्थांच्या यादीत या छटा येत नाहीत.

त्यामुळे वाक्प्रचार सुटे न शिकवता उताऱ्याच्या आणि प्रसंगाच्या संदर्भात शिकवावेत, एकाच नामाची निरनिराळी क्रियापदे शेजारी ठेवून त्यांतील फरक विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावा आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातील प्रयोग त्यांना टिपून आणण्यास सांगावे, ही पद्धत उपयुक्त ठरते. पुस्तकांत न आलेले अनेक प्रयोग गावोगावच्या बोलीत आजही वापरात आहेत. ते वापरणारी पिढी आणि ते ऐकणारी पिढी यांच्यातील संवाद चालू राहील तोवरच ते टिकतात, कारण त्यांचा अर्थ शब्दांत साठवलेला नसून लोकांच्या सवयीत असतो.